नाव पुकारून पास

८ मे १९७१, शनिवार

आला एकदाचा भगवंत! फलाटावर हात हलवून हलवून माझा खांदा निखळायची वेळ आली, तरी हा बाबा माझ्या अंगावरून सरळ पुढे गेला. शेवटी "अरे ए भगवंता!" म्हणून बोंब ठोकली तेव्हा कुठे थांबला. "सुध्या, तू होय! किती सुटलास रे!" म्हणाला. मुंबईत नाव झालं की माणसं अशीच होतात, असं क्षणभर मनात आलं. पण मिठी मारली ती भुसावळचीच, हाडं मोडणारी.

हे फुटबॉल शिबिराचं खूळ माझंच. मी शाळेत ड्रिल मास्तर. आपल्या खानदेशातून इथे सुरतेला लूमवर कामाला आलेल्यांची पोरं सुटीभर नवागाम-उधन्याकडच्या गल्ल्यांत चिंध्यांचा चेंडू बडवत हिंडतात. म्हटलं, पंधरा दिवस यांना खरा खेळाडू दाखवू. जरीचे व्यापारी भाईदास शेठ यांनी मैदान आणि नाश्त्याची जबाबदारी घेतली, आणि भगवंतानं माझ्या एका कार्डावर होकार कळवला. तरुणपणी भुसावळच्या मैदानावर हा सेंटर फॉरवर्ड आणि मी लेफ्ट हाफ. मी कुठून चेंडू सोडतोय हे न बघता त्याला कळायचं. पुढे तो मुंबईला गिरणीच्या संघात गेला आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो यायला लागले. मी बी.टी. करून सुरतेत शिट्टी फुंकायला लागलो. असो.

जेवताना त्यानं पोटातलं सांगितलं. खेळायचं वय सरलं, आता गिरणीच्या पोरसंघासाठी कायमचा कोच नेमायचा आहे. स्पोर्ट्स सेक्रेटरी सबनीस साहेब शिबिराच्या शेवटच्या दिवशी स्वतः सुरतेला येऊन याचं काम बघणार. पसंत पडलं तर नेमणूक. नाही तर जूनपासून साचेखात्यात उभं राहायचं, तुटलेले धागे जोडत.

"मग जोड की! हातापायांनी धडधाकट आहेस," मी म्हटलं.

"साच्यावर मला नाही जमायचं, सुध्या. एक दिवससुद्धा नाही. आणि भुसावळला घरी चार तोंडं आहेत. हे शिबिर नीट पार पडू दे, बाबा."

आळस, दुसरं काय. एकदा टाळ्यांची सवय लागली की धागे कोण जोडतंय! पण त्याच्यासाठी जिवाचं रान करीन असं मी त्याला सांगितलं, आणि ते खरंच मनापासून सांगितलं.

तो आमच्याच घरी उतरलाय. शेजारच्या प्रमिलाबाईंनी जिन्यात गाठून आडवळणानं विचारलं, "पाहुण्यांचं आडनाव काय हो?" मी म्हटलं, "सेंटर फॉरवर्ड." बसल्या तोंड वाकडं करून.

१० मे, सोमवार

शिबिर सुरू झालं. आणि पहिल्याच दिवशी वाद.

मी वेळ ठरवली होती पहाटे अन् संध्याकाळी. मे महिन्यातली सुरत आहे ही, दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही. तर साहेबांचं म्हणणं, आठला सुरू करायचं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत खेळायचं. संध्याकाळ अजिबात नको. का? तर म्हणे संध्याकाळी पाय जड होतात. मी उभ्या जन्मात असलं शास्त्र ऐकलेलं नाही. पण मोठा माणूस, ऐकलं.

मग चेंडू. माझ्याकडचे तपकिरी कातड्याचे चेंडू त्यानं हातात फिरवले आणि म्हणाला, "यांना चुना फासा." सगळ्या पोरांनी पांढऱ्या बनियन घालायच्या, रंगीत शर्ट चालणार नाहीत. भिंत रंगवायला काढावी तसा चुना कालवून मी आणि पंडित नावाचा गोलकीपर पोरगा चेंडू फासत बसलो. पंडित म्हणाला, "सर, सुकल्यावर उडेल." मी म्हटलं, "उडेल तर पुन्हा लावू, तुला काय करायचंय?"

पण त्यानं चेंडू पायाखाली घेतला आणि माझा सगळा राग उतरला. पेनल्टीच्या जागेवरून त्यानं एकामागून एक चेंडू मारले, सांगेल त्या कोपऱ्यात. पोरं तोंडात बोट घालून बघत राहिली. धुडकू तर रडायलाच आला, येडं पोर.

१२ मे, बुधवार

आज नवी पद्धत आली. पास देणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव मोठ्यानं पुकारायचं, मग चेंडू सोडायचा. दगा नावाच्या पोरानं "दगा!" म्हणून ओरडायचं आणि मारायचं. न पुकारता पास दिला तर मैदानाला एक फेरी. मी विचारलं, ही कुठली पद्धत? भगवंत जरा थांबून म्हणाला, "कलकत्त्याकडची." वा! म्हणूनच तिकडची पोरं पुढे जातात. आपल्याकडे सगळा मुक्याचा खेळ. आता मैदानावर असा गलका असतो की भाजीबाजार बरा. मला तर ती पद्धत फारच पटली. शाळा उघडली की मी ड्रिलमध्येसुद्धा लागू करणार आहे.

सुटताना दगा जवळ आला. लूमवाल्या भिवाचा हा मुलगा, डाव्या पायानं सुरेख खेळतो. "सर, तुमले एक सांगानं शे. कोचसाहेबले ना, बाजूनं..."

"आधी नीट मराठीत बोल," मी म्हटलं. "शाळेत किती वेळा सांगितलं, अहिराणी घरी ठेवून यायची."

पोरगा तसाच निघून गेला. यांना शुद्ध बोलायला शिकवता शिकवता माझा जन्म जाणार.

१६ मे, रविवार

सुटी. मनात एक कुरकुर आहे ती लिहूनच टाकतो.

शैलजा, माझी सहधर्मचारिणी, भगवंताला ताट वाढते तेव्हा शेजारी उभी राहून सांगते: "भावजी, भात समोर आहे, आमटीची वाटी उजवीकडे, कैरीचं लोणचं वर डावीकडे, पाण्याचं भांडं हाताशी ठेवलंय." रोज. दोन्ही वेळा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी "मीठ हवं का" असं विचारलेलं नाही! मी चेष्टेनं म्हटलं, "आमच्याही ताटाचं जरा वर्णन होऊ द्या." ती हसली नाही. "तुमचं तोंड बरोबर सापडतं तुमच्या हाताला," म्हणाली.

शिवाय दिवेलागण व्हायच्या आधीच घरभर दिवे. विजेचं बिल काय हिच्या माहेरचे भरणार? मधल्या खोलीतलं माझं आवडतं स्टूल उचलून तिनं माळ्यावर टाकलंय, वाटेत येतं म्हणे. माझ्या वाटेत तर कधी आलं नाही.

संध्याकाळी मी भगवंताला म्हटलं, चल, तापीवर वारा खायला जाऊ, गलेली, म्हणजे इथले ताडगोळे, खाऊ. नको म्हणाला. रोजच नको म्हणतो. दिवस मावळला की खाटेवर बसून राहतो, भिंतीला हात लावून. प्रमिलाबाईंचे यजमान परवा जिन्यात बाजूनं नमस्कार करून गेले, यानं मानही वळवली नाही. मला फार ओशाळल्यासारखं झालं. गर्व चढलाय हेच खरं, आणि मित्र असला तरी मी ते लिहिणारच.

१९ मे, बुधवार

काल लिहिलं नाही, लिहिण्यासारखं होतं तरी. गर्वाचं जे लिहिलं ते अर्धं मागे घेतो.

धुडकूला चेंडूची भीती वाटते. डोक्यावर चेंडू आला की डोळे मिटतो. मी त्याच्यावर दोन दिवस ओरडलो, काही उपयोग झाला नाही. भगवंतानं त्याला जवळ घेतलं आणि म्हणाला, "मिट डोळे. घट्ट मिट. आता फक्त ऐक." मग जमिनीवरून हळू चेंडू सोडला. "कुठून येतोय?" धुडकूनं बोट दाखवलं. बरोबर! असं किती तरी वेळा. शेवटी पोरानं डोळे मिटून चेंडू पायानं अडवला आणि आनंदानं उड्या मारायला लागला. भगवंत त्याला म्हणाला, "बघ, घाबरायचं काही नसतं. डोळ्यांशिवायही पुष्कळ कळतं."  इतक्या साध्या गोष्टीत जीव ओतणारा कोच मी पाहिलेला नाही. सबनीसांनी याला नेमलं नाही तर ते गाढव.

भाईदास शेठ नाश्त्याचं खमण घेऊन आले होते. ते म्हणाले, "मास्तर, तमारा भगवंतभाई तो कमाल छे!" माझी छाती फुगली. आणलाय कुणी त्याला?

२१ मे, शुक्रवार

शेवटच्या दिवसाची जय्यत तयारी. रविवारी संध्याकाळी सामना. पोरांच्या दोन टीम, आणि एका टीममधून खुद्द भगवंत.

त्याचं म्हणणं सामना सकाळी घ्या. पण भाईदास शेठना सकाळी देवळात जायचं असतं, आणि भर उन्हात बघायला कोण येणार? रिकाम्या मैदानावर सबनीसांवर काय छाप पडणार? मी याच्याच भल्यासाठी बघतोय. तर म्हणतो, "मग मी बाहेर उभा राहतो, पोरांना खेळू दे." मी म्हटलं, "कपाळ माझं! रिक्षाला भोंगा लावून गावभर तुझ्या नावाचा पुकारा केलाय."  मग म्हणाला, "बरं. लवकर तरी सुरू कर."

आणि एक गंमत मी त्याच्यापासून लपवून ठेवली आहे. लग्नाचा बँड सांगितलाय! शेठच म्हणाले, "बेंड तो जोईए ज ने!" बँड तर हवाच म्हणे. मी खूण केली की सुरू करायचं आणि भगवंत मैदानावर असेपर्यंत वाजत राहायचं, असं मी बँडवाल्यांना बजावलंय. चेंडूही कोरा आणलाय, तपकिरी, चकचकीत. त्याला काय चुना फासायचा? समारंभ आहे.

दगाला कुठून तरी बँडचं कळलं. धावत आला. "सर, बाजा नका लावा ना. आमना आवाज त्यास्ले ऐकू येवाव नही."

"एक दिवस तुमची नावं ऐकू नाही आली तर आभाळ कोसळत नाही," मी म्हटलं. "आणि त्याला सांगायचं नाही, गंमत आहे."

घरी शैलजाला सांगितलं तर तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "अहो, बँड कशाला? सकाळीच घ्या ना सामना. माझं जरा ऐकता का? एक सांगायचंय..." इतक्यात भगवंत दारात आला आणि ती गप्प बसली. मीही घाईत होतो, मंडपवाला खाली थांबला होता. बायकांना समारंभाचं काही कळत नाही.

२३ मे, रविवार, दुपार

सबनीस साहेबांना सकाळी उतरवून घेतलं. मवाळ माणूस, चष्मा, हळू बोलणं. टांग्यात मी त्यांना भगवंताचं सगळं काम सांगितलं. आपण कशात कमी पडू नये! नाव पुकारून पास, चुन्याचे चेंडू, पांढऱ्या बनियन, उन्हातला सराव, धुडकूचे मिटलेले डोळे, सगळं. साहेब फार बारकाईनं ऐकत होते. "संध्याकाळी कधीच घेत नाहीत?" विचारलं. मी म्हटलं, "कधीच नाही, शिस्त म्हणजे शिस्त!" मग पुढे सगळी वाट ते बाहेर बघत बसले. नेमणूक झालीच म्हणून समजावं.

२४ मे, सोमवार

लिहायला हात होत नाही. पण नाही लिहिलं तर छातीत दगड राहील.

काल भाईदास शेठ उशिरा आले. त्यांच्याशिवाय सुरू कसं करायचं? सुरू झालं तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. पहिला अर्धा भाग बरा गेला. भगवंत एका जागी उभा राहून समोरचे चेंडू तेवढे घेत होता, आणि मी मनात म्हणत होतो, पळ की मेल्या, साहेब बघतायत! मध्यंतरानंतर उजेड मंदावला आणि मी बँडला खूण केली.

असा दणका उडाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. भगवंत जागच्या जागी गर्रकन वळला. एकदा इकडे, एकदा तिकडे. दगानं डावीकडून पास दिला तो याच्या मांडीवर आदळला आणि हा उजवीकडे शोधायला लागला. लोक हसले. पुन्हा एकदा त्यानं जोरात पाय मारला, चेंडू तिथे नव्हताच. तोल जाऊन गुडघ्यावर आला. मागून कुणी तरी ओरडलं, "घरडो थई गयो!" म्हातारा झाला म्हणे. मोठा हशा झाला. आणि मी, त्याचा मित्र, मनातल्या मनात त्याच्यावर चिडलो होतो, की हा मुद्दाम माझी शोभा करतोय.

तेवढ्यात समोरच्या टीमचा गोलकीपर पंडित गोल सोडून पळत सुटला. तो थेट बँडमध्ये घुसला आणि ढोलवाल्याची काठीच त्यानं दोन्ही हातांनी धरली. "बंद करा! बंद करा ना!" रडत होता तो. बाजा थांबला.

सगळं मैदान गप्प. भगवंत मधोमध उभा, मान खाली, हात जरासे पुढे केलेले. मग दगाचा आवाज आला. "दगा! कोचसाहेब, दगा! डावीकडून!" आणि त्यानं चेंडू हळू सोडला. भगवंतानं तो पायाखाली घेतला. "धुडकू! कोचसाहेब, समोर कोणी नही!" मग पंडित परत पळत गोलात गेला, दोन खांबांच्या मधोमध उभा राहिला आणि शिरा ताणून ओरडायला लागला, "पंडित! पंडित! गोल इथं शे, कोचसाहेब!" समोरच्या टीमचा गोलकीपर! तो स्वतःच्या गोलाची जागा सांगत होता.

भगवंतानं मान वर केली, त्या आवाजाकडे तोंड केलं आणि मारला. पंडितच्या डाव्या अंगानं चेंडू कोपऱ्यात गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळलं, कुणास ठाऊक. मला तिथे उभ्या उभ्या सगळं कळलं. फलाट, चुना, बनियन, आमटीची वाटी, माळ्यावरचं स्टूल. पोरांना कळलं होतं, बायकोला कळलं होतं. एक मीच काय तो शिट्टी गळ्यात अडकवून हिंडत होतो. शेजारी सबनीस साहेब चष्मा काढून पुसत होते. म्हणाले, "गद्रे मास्तर, टांग्यात तुम्ही सांगितलंत तेव्हाच शंका आली होती. माझ्या चुलत्यांच्या डोळ्यांचं असंच झालं. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं, मग..."  चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "यांचा खेळ बघत मी मोठा झालो हो. पण उद्या मैदानात पोराला काही लागलं आणि कोचला दिसलं नाही, तर उत्तर कोण देणार? मला नाही नेमता येणार."

मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले.

मी भगवंताजवळ गेलो. त्याच्या अगदी समोर उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला, "झाला ना रे गोल?"

"झाला."

"पंडितला लागला नाही ना?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणाला.

घरी येऊन मी शैलजावर तुटून पडलो. तुला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलंस? ती रडत होती, पण शब्द चुकली नाही. "भावजींनी पहिल्याच संध्याकाळी शपथ घातली. म्हणाले, सुध्याला कळलं तर गावाला कळेल. आणि खोटं काय त्यात? तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. स्टेशनातून येतानाच सबनीसांना सांगून मोकळे झाला असतात."

 सांगून मोकळा झालोच होतो की! काही न कळताच सगळं सांगून आलो होतो.

२६ मे, बुधवार

भगवंत गेला. भुसावळला, भावाकडे. पुढे काय करणार ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. सकाळची पॅसेंजर घेतली, उजेडाची.

काल दिवसभर मी त्याच्याशी धड बोललो नव्हतो. बोलायला तोंड कुठे होतं? रात्री एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "तुला कळलं असतं तर तू मला हात धरून चेंडू दिला असतास, सुध्या. पंधरा दिवस मला नुसतं खेळायचं होतं." माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. शैलजानं त्याला दशम्या बांधून दिल्या आणि पाया पडली. प्रमिलाबाई दाराआडून बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

स्टेशनात ही गर्दी. पोरं आधीच येऊन थांबली होती. एकेक जण पुढे येऊन आपलं नाव सांगत होता. दगा. धुडकू. पंडित. तो प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होता. धुडकूला म्हणाला, "भ्यायचं नाही." धुडकूनं मान हलवली, मग आठवण झाल्यासारखं मोठ्यानं म्हणाला, "नही भिनार."

मी त्याची ट्रंक उचलून पुढे निघालो. तोंडाला कुलूप घातलं होतं. आता जन्मात नको ते बोलायचं नाही असं काल ठरवून टाकलंय. थोडं गेलो आणि मागून हाक आली.

"सुध्या? आहेस ना रे?"

मागे पाहिलं. तो गर्दीत उभा होता, हात जरासे पुढे, रविवारसारखेच. माणसं त्याला धक्के देत जात होती.

"आहे, इथेच आहे."

"मग बोल की लेका! गप्प राहिलास तर मला कसा सापडशील?"

मी ट्रंक खांद्यावर घेतली आणि बोलायला लागलो. काय बोललो! उन्हाळा फार, यंदा हापूस महाग, हेडमास्तर कसा चिक्कू आहे, शैलजाचं लोणचं खारट झालंय पण तिला सांगायची सोय नाही, माझं वजन, भुसावळच्या मैदानावरचं ते चिंचेचं झाड तोडलं म्हणतात, खरं का रे? "पुढे पायरी आहे," म्हणालो आणि पुन्हा हापूसवर आलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दोन्ही हात ट्रंकेला होते आणि आवाज मी हलू दिला नाही. तो मागून बरोबर येत होता. डब्यात बसवलं, खिडकीशी उभा राहिलो, तरी बोलत होतो. गाडी हलली तशी खिडकीबरोबर चालू लागलो आणि मोठ्यानं सांगत राहिलो, की पोरांचा सराव मी बंद पडू देणार नाही, नाव पुकारूनच पास द्यायचा, हीच पद्धत ठेवणार.

"कलकत्त्याची," तो आतून म्हणाला आणि हसला.

फलाट संपला तरी मी बोलतच होतो. मागून पोरंही ओरडत होती, आपापली नावं.